साडेपाचचे उपकार

आमच्या पवनीच्या गल्लीत पेपर सातला येतो, पण बातम्या साडेपाचलाच मिळतात. त्या निर्मलाबाईंच्या घरातून येतात, आणि त्या ऐकायला कान लावावे लागत नाहीत. झाकले तरी ऐकू येतात.

निर्मलाबाई म्हणजे आमच्या गल्लीतलं एकमेव ख्रिस्ती घर. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, त्या स्वतः तीस वर्षं नर्स. नवरा वारला, मुलगी दामिनी नागपूरला दिली. आता घरात त्या, एक कुकर आणि भिंतीवरचं बायबलवचनांचं कॅलेंडर. रविवारी एस.टी.नं भंडाऱ्याला चर्चला जातात. उरलेले सहा दिवस चर्च आमच्या गल्लीतच भरतं.

रोज पहाटे त्या देवाचे उपकार मानतात. म्हणजे किती, तर बारा. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत. नियम दोन: कालचं आज चालणार नाही, आणि माणसाचे उपकार असतील तर त्याचं नाव घेतलंच पाहिजे. त्यांचे वडील म्हणायचे म्हणे, मनातल्या मनात आभार मानले की त्यात तक्रार कधी मिसळते ते कळत नाही, तोंडानं म्हणावं. वडील बरोबरच बोलले असतील. पण मुलीचा आवाज वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा निघेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

सुरुवात अगदी पुस्तकी असते. "हे स्वर्गीय पित्या, तुझ्या अपार कृपेबद्दल आम्ही तुझी उपकारस्तुती करतो." तिसऱ्या पेरापर्यंत हे टिकतं. पुढे गाडी घसरते. "मनकर्णाबाईनं काल कढीपत्ता देल्ला, तिचे उपकार. नळ पाच मिन्टं जास्त आला, त्याचे उपकार. प्रविणच्या पोराचा ताप उतरला, उपकार."

आता माणसाचा स्वभाव बघा. आपलं नाव देवाच्या दरबारात घेतलं जातंय म्हटल्यावर गल्ली सुधारायला लागली. मनकर्णाबाईंनी ओळीनं तीन दिवस कढीपत्ता पाठवला. पण नियम आड आला, एकच उपकार दोनदा चालत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी कोथिंबीर पाठवली. माझं म्हणाल, तर मी कापडदुकानवाला, तोंडाचा जरा फटकळ. इथं राहायला आल्यापासून अकरा वर्षांत माझं नाव एकदाच आलं. "लिलाधरभाऊ काल कोणाशीच भांडले नाई, प्रभू, तुह्ये उपकार." बायको आठवडाभर हसत होती.

खरं सांगतो, मला हे थोतांडच वाटायचं. देवाच्या मागं काय कामं नाहीत, की त्यानं आमचा कढीपत्ता ऐकत बसावं? पण त्यांचे यजमान गेले, त्यांना माती देऊन आम्ही परतलो, आणि दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आज काही आवाज येणार नाही. साडेपाचला आला. हळू आला. "प्रभू, आज काई सुचत नाई. चहा गरम आहे. उपकार." मग कौशल्याबाईंचं नाव. "कौशल्या रातभर माह्यापाशी बसली. उपकार." त्या दिवसापासून मी टिंगल बंद केली. म्हणजे कमी केली.

या कौशल्याबाई त्यांच्या भिंतीपलीकडच्या शेजारीण. घरी हातमाग, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलसुद्धा येऊ द्यायच्या नाहीत. दोघींचं मेतकूट तीस वर्षांचं. भाजीपासून नवऱ्यांच्या खोड्यांपर्यंत सगळं भिंतीवरून चालायचं. बारा पेरांतलं एक पेर कौशल्याबाईंच्या नावचं कायमचं राखीव होतं, फक्त कारण रोज नवं.

मग गेल्या महिन्यात ते झालं.

कौशल्याबाईंची सून स्वाती निर्मलाबाईंकडे गेली. पाळी चुकली होती. घरी सांगण्याआधी खात्री करावी, आणि नर्सबाई शेजारीच आहेत. खात्री झाली. वर पोरीला डोहाळे लागले तेही झिंग्याचे! तिचं माहेर करडी गावचं, लहानपण तलावातले झिंगे खाण्यात गेलेलं. निर्मलाबाईंनी मायेनं रांधून घातले. स्वाती म्हणाली, "बाई, अजून घरी नाई सांगतलं. रविवारी आमच्या यायले संगं घेऊन सासूबाईले सांगतो. तवरिक कोणाले सांगजा नोका."

"कोणाले नाई सांगत," निर्मलाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी शब्द पाळला. माणसांपैकी कोणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सातव्या पेराला त्यांचा आवाज आनंदानं नुसता फुलला. "प्रभू, स्वातीले दिवस गेले, तुह्ये उपकार! तिनं काल माह्याकडे दोन वाट्या झिंगे खाल्ले अन् पोटात टिकले, त्याचेही उपकार!"

गल्लीतले सगळे नळ एकदम बंद झाल्यासारखे झाले. कौशल्याबाईंच्या घरात पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, पडला, तो गडगडत अंगणापर्यंत गेला. निर्मलाबाईंना काय झालं ते तेव्हा कळलं. आठवं पेर त्या दिवशी झालंच नाही.

त्या तशाच धावत गेल्या. स्वातीची माफी मागितली, कौशल्याबाईंपुढे हात जोडले. कौशल्याबाई पाठ फिरवून मागावर जाऊन बसल्या. त्या दिवशी मागाची खटखट अशी चालली होती की सूत तुटलं नाही हेच नवल. गल्लीनं निष्कर्ष काढला, माळकरी घर, झिंगे लागले जिव्हारी. मीही तेच धरून चाललो.

आता निर्मलाबाई उपकार मनात म्हणतील, असं वाटलं. नाही. स्वातीच्या बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला, पण कौशल्याबाईंचं पेर काही सोडलं नाही.

"प्रभू, कौशल्या काल माह्याशी बोलली नाई. पण खोकली. खोकला सुका आहे, छातीत कफ नाई. उपकार."

दुसऱ्या दिवशी: "मले पाहून तिनं बादली आपटली. खांदा दुखत होता, तो बरा झालेला दिसते. उपकार."

पाचव्या दिवशी: "तिनं मांजरीले माह्या नावानं शिवी देल्ली. नाव ध्यानात आहे, प्रभू. उपकार."

गल्ली तोंडात पदर कोंबून हसत होती. कौशल्याबाईंचा मात्र तिळपापड. रुसायचं तरी कसं माणसानं? जो म्हणून राग काढावा, तो दुसऱ्या दिवशी पहाटे देवाकडे आशीर्वाद होऊन पोचतो. शेवटी त्यांनी ठरवलं, हिला काही मिळूच द्यायचं नाही. हे स्वातीनं आम्हाला नंतर सांगितलं. त्या दिवशी सासूबाईंनी माग चालवला नाही. पाणी हळूच भरलं, खोकला आला तो पदरात दाबला, मांजरीला नुसत्या हातानं हाकललं. दिवसभर भिंतीपलीकडे घर मेल्यासारखं गप्प होतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी अंगणात ब्रश तोंडात धरून उभा. मी एकटा नव्हतो, गल्लीतली सगळी अंगणं जागी होती. उपकार सुरू झाले. नळाचे झाले, दामिनीच्या फोनचे झाले, मनकर्णाबाईंच्या लिंबांचेही झाले. अकरा झाले.

"अन् कौशल्या..."

मी ब्रश फिरवायचा थांबलो.

"प्रभू, काल तिचं काईच आयकू आलं नाई. मी पाहिलं शोधून. सांजवरी भिंतीपाशी बसली होती मी, हातात तांदूळ निवडाले घेऊन. काईच नाई. आज माह्यापाशी तिच्या नावाचं काई नाई, प्रभू." आवाज फाटला. यजमान गेले तेव्हासुद्धा हा आवाज असा फाटलेला मी ऐकला नव्हता. "बाकीचं सारं राहू दे एखाद दिवस. तिचं तेवढं दे."

तोच भिंतीच्या पलीकडून धाडकन आवाज आला.

"चूप व! आहो न मी! अठीच आहो नळापाशी! खोकून दाखवू का?"

"प्रभू," निर्मलाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "कौशल्या आहे. उपकार."

"थांब! आमेन नोको म्हनू. पयले माहं आईक." कौशल्याबाई बोलत होत्या आणि रडतही होत्या, दोन्ही मोठ्यानं. "झिंग्याचं काय घेऊन बसली तू? सुनेले डोहाळे लागले तं मीच आणून देल्ले असते, मांगच्या आंगनात चूल मांडून. पण सून माही, नातू माहा, अन् मले खबर भेटली कवा? मनकर्णाबाईसंगं! साऱ्या गल्लीसंगं! तुह्या देवाले खबर पयले, अन् मले मांगून?"

म्हणजे झिंगे नव्हतेच मुळी. आम्ही सगळे शहाणे दहा दिवस झिंग्यांत अडकलो होतो.

निर्मलाबाई बोलल्या तेव्हा, पहिल्यांदाच, आम्हाला कान लावावे लागले.

"चुकलं व कौशल्या. देवाले तं पयलेच मालूम होतं. मालूम नव्हतं ते तुले."

पलीकडे दाराची कडी वाजली. कौशल्याबाई तशाच, केस मोकळे, ओल्या पायांनी रस्त्यावरून गेल्या आणि निर्मलाबाईंच्या घरात शिरल्या. आमेन त्या दिवशी राहूनच गेलं.