फोटोतले दाणे

ही जाऊन वर्ष होत आलं. श्राद्धाच्या आधी भिंतीवर लावायला हिचा हसरा फोटो हवा होता. तसा एकच सापडला, वीज गेलेली असताना समईच्या उजेडात मोबाइलवर काढलेला. चेहऱ्यावर बारीक रव्यासारखे दाणे पसरले होते. दुपारी आमची मुलगी मुग्धा तो कॉम्प्युटरवर साफ करायला बसली.

"उजेड कमी पडला की कॅमेरा असे दाणे उमटवतो, बाबा."

अंधारात आपणही जे पाहतो, त्यातलं समोरचं किती आणि आपलं किती, कोण जाणे. मुग्धा माऊस सरकवत गेली तसे दाणे विरत गेले.

"आई पार्लरला कधी बधली नाही. आता बसलीय बघा गपचूप."

दाण्यांबरोबर डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही गेल्या. चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला. ओठ मात्र हसत होते. असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, शेवटची अंघोळ घालून हिला खाली निजवलं तेव्हा.

मुग्धाचा हात थांबला होता.

"मागे घेऊ?"

"घे."

दाणे परतले आणि ही पुन्हा श्वास घेऊ लागल्यासारखी वाटली.

आता तो फोटो भिंतीवर आहे. संध्याकाळी समई लावली की दाणे किंचित हलतात. त्या वेळी मी खोलीतला दुसरा दिवा लावत नाही.