बंदच्या दिवशी घरघरणारा पंखा

काल कॉम्प्युटरचा घरघरणारा पंखा काढला, पुसला, त्यात तेलाचा थेंब सोडला आणि त्या वासानं मला थेट कबनूरला नेलं.

यंत्रमाग कामगारांचा संप होता. त्यांचं पत्रक संध्याकाळपर्यंत छापखान्यात द्यायचं म्हणून मी कोल्हापुरातून गेलो होतो. मागांच्या गल्लीत, तेलाच्या वासानं भरलेल्या खोलीत बसून टाइप करत होतो : 'आज कबनुरात एकही चाक फिरणार नाही!' एरवी तिथं मागांच्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. त्या दिवशी सगळं चिडीचूप, आणि कॉम्प्युटर मात्र घर्र घर्र करत होता. गल्लीभर.

दार धाडकन उघडलं. संपाचे पुढारी दत्तूमामा, मागं दहाबारा कामगार.

"पावणं, संप फोडतायसा व्हय? माग कुठं लपवलाय?"

"माग नाही मामा! तुमचंच पत्रक लिहितोय!"

मी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. पंख्यावर कापसाची जाड लव बसली होती. पात्याला पेन्सिल टेकवली, आवाज थांबला. सोडली, पुन्हा घर्र.

"म्हंजी फिरतंय की ह्ये," मामा म्हणाले. मग पडद्यावरची माझी ओळ त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि वायरच उपटली.

"अहो, सेव्ह केलं नव्हतं!"

"हातानं लिवा की. हात काय मोडल्यात?"

लिहिलं. तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. त्यानंतर मी ढीगभर पत्रकं लिहिली, पण लेखकालाच ती पाळायला लावणारा वाचक पुन्हा भेटला नाही.