सासूबाई टायरवर उभ्या राहिल्या तेव्हा

लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा मध्य प्रदेशही नवाच होता. राजधानी भोपाळला गेली याचं दुःख आमच्या मल्हारगंज मोहल्ल्यातल्या ओटल्यांवर रोज सकाळी निघायचं. आमचे हे शाळेत चित्रकलेचे मास्तर. शाळेची पत्रं आता भोपाळहून यायला लागली म्हणून तेही त्या दुःखात सामील असत. घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासूबाई. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. अंगणात एका कडेला ह्यांची मोटरसायकल उभी असायची आणि सकाळी उठल्यावर हे देवाच्या आधी तिच्याकडे बघायचे.

ती लष्करातली गाडी होती. महूच्या छावणीत जुनी वाहनं लिलावात निघत, तिथून ह्यांनी ती आणली होती. माझे वडील तिथल्याच मोटर वर्कशॉपात हवालदार. गाडीचं काही बिघडलं की हे ती घेऊन महूला त्यांच्याकडे जात, आणि त्याच जाण्यायेण्यात आमचं लग्न जमलं. वडील म्हणायचे, "पोरगा सोन्यासारखा आहे. फक्त पाना उलटा धरतो."

लग्नाला पाच महिने झाले होते. दसरा जवळ आला होता. एका संध्याकाळी हे शाळेतून आले ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"पुढच्या रविवारी महूला शर्यत आहे! मोटरसायकलची! फौजेतले लोक भरवतायत, पण बाहेरच्यांनाही घेणार आहेत. मी नाव देऊन आलो."

"कुठल्या सडकेवर?" मी विचारलं.

"सडकेवर नाहीच! महूच्या पुढच्या टेकड्यांत. ओढा आहे, दगड आहेत, काळ्या मातीचा चिखल आहे..." बोलता बोलता ते हातानेच चढ-उतार काढून दाखवायला लागले.

सासूबाई आतून म्हणाल्या, "चिखलात पडायला नाव द्यावं लागतं का?"

पण अडचण खरी होती. गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते. तसल्या टायरवर काळ्या मातीत जाणं म्हणजे तेल सांडलेल्या फरशीवर पळण्यासारखंच. ह्यांनी वडिलांना निरोप पाठवला आणि गुरुवारी महूहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर वडिलांनी दोन टायर पाठवले. ते दारातून आत येण्याआधी मला त्यांचा वास आला. वर्कशॉपचा वास. माझं लहानपण त्या वासात गेलं. टायरवर रबराचे मोठे चौकोनी गट्टे होते, मधल्या खाचा बोट आत जाईल इतक्या खोल. हे त्या गट्ट्यांवरून हात फिरवत बसले, आणि मग वही काढून त्यांनी टायरचं चित्रसुद्धा काढलं.

शुक्रवारी ते चाकं आणि टायर टांग्यात घालून बाजारातल्या टायरवाल्याकडे गेले आणि तासाभरात तसेच परत आले. चेहरा पडलेला.

"काय म्हणाला?"

"म्हणे, मास्साब, ये फौजी टायर है, मेरे बस का नहीं. मंगलवार को आना, किसी को बुलाऊँगा."

शर्यत रविवारी. महूला वडिलांकडे न्यावं तर वडील शनिवारपर्यंत कामावर अडकलेले. हे अंगणातल्या पायरीवर बसून राहिले. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बदलते."

आता हे सांगायला हवं की मी टायर बदलताना शंभर वेळा पाहिलं होतं. वडिलांनी लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, माझ्या हातात देऊन, माझ्या हातावर आपला हात ठेवून, दोन-तीनदा करवूनही घेतलं होतं. पण एकटीने, कधीच नाही. ते मात्र मी सांगितलं नाही.

हे उठून उभे राहिले. "खरंच येतं तुला?"

"हवालदाराची मुलगी आहे मी."

सासूबाईंनी सूप पुढे ओढलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डाळ निवडायला लागल्या. मला वाटलं, संपलं. पाच महिन्यांत कमावलेलं सगळं गेलं.

शनिवारी ह्यांची शाळा अर्धा दिवस. येताना ते पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यातल्या मित्राकडून हातपंप आणि पंक्चरचं सामान मागून घेऊन आले. दोन लिव्हर गाडीच्या पेटीतच होते, चपटे, टोकाशी किंचित वळलेले. मी पदर कमरेला खोचला, बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या आणि अंगणात गोणपाट अंथरलं. भीती होतीच. पण खरं सांगू, भीतीपेक्षा मजा जास्त वाटत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मला येणारं काहीतरी मी करत होते.

पुढचं चाक आडवं टाकलं, हवा सोडली. पहिलं काम म्हणजे टायरची कड रिमपासून सोडवणं. वर्षानुवर्षं ती तिथे बसून चिकटलेली. मी टाचेने दाबलं. हलेना. हे चढले. हे म्हणजे काडी. तेही उड्या मारून दमले. टायर ढिम्म.

सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या.

"सरका."

"आई, तुम्ही..."

"सरक म्हटलं ना. पाय कुठे ठेवायचा ते सांग."

मी दाखवलं, रिमच्या अगदी लगत, रबरावर. त्यांनी नऊवारीचा ओचा वर घेतला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एक लेकाच्या, आणि त्या टायरवर चढल्या. आमच्या सासूबाई अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या.

"तुझ्या वडिलांच्या वर्कशॉपात पण असंच करतात का?"

मी नको ते बोलून गेले. "नाही आई, तिथे टायरवर जीप चढवतात."

हे माझ्याकडे बघायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी पायाखालच्या टायरकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"म्हणजे मी जीप!" त्या हसत सुटल्या, आणि हसताना त्यांनी टाच जोरात दाबली. खाडकन आवाज झाला आणि कड सुटली. "सुटलं! सुटलं!" असं ओरडत आम्ही तिघं एकमेकांना धरून अंगणात उभे. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातून कोणीतरी खिडकी उघडून विचारलं, "क्या हुआ, भाभीजी?" सासूबाई वर बघून म्हणाल्या, "कुछ नहीं, जीप चल रही है."

पुढचं चाक मग भराभर झालं. कडेला साबणाचं पाणी लावायचं, दोन लिव्हर वीतभर अंतरावर घालायचे, एक दाबून धरायचा, दुसऱ्याने थोडं थोडं उचलत पुढे जायचं. मी सांगत होते आणि हे करत होते, मग मी करत होते आणि हे धरत होते. जुना टायर निघाला. ट्यूब आत चिकटू नये म्हणून तिला शंखजिऱ्याची पूड लावली, नव्या टायरमध्ये घातली, नवा टायर रिमवर चढवला, हवा भरली. तासाभरात चाक तयार. मी हात कमरेवर ठेवून उभी राहिले. इतका गर्व मला मॅट्रिक पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

आणि तो गर्वच नडला.

मागचा टायर जास्त जाड, जास्त ताठ. जुना निघाला, नवा अर्ध्याहून जास्त चढला, पण शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. मी लिव्हरवर सगळं अंग टाकलं. दात ओठ खाऊन दाबलं. एकदाची ती कड आत सरकली. हे पंप मारायला लागले. टायर फुगतोय, फुगतोय, आणि मग बारीक आवाज. सुस्स्स.

ह्यांनी पंप थांबवला. टायर पुन्हा चेपला.

परत सगळं सोडून ट्यूब बाहेर काढली. तिला शेजारीशेजारी दोन चिरा. लिव्हर आणि रिमच्या मध्ये सापडून ट्यूब चिमटली होती. ती मीच चिमटली होती. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी हात धुवायला नळावर गेले.

हे मागून हळूच म्हणाले, "राहू दे. पुढच्या वर्षी जाऊ शर्यतीला."

सासूबाई कडाडल्या. "पुढच्या वर्षी काय को? एक पोळी करपली तर अपन काय जेवण सोडतो? बस तिथे. आणि सूनबाई, तू आठव. वडील काय करत होते ते नीट आठव."

मी नळाजवळच उकिडवी बसले आणि आठवलं. वडिलांचे हात आठवले. ते कधीच जोर लावत नसत. म्हणायचे, "जोर लावावा लागला म्हणजे कुठेतरी चुकलं समज." मग दिसलं. ते टायरच्या समोरच्या बाजूला दोन्ही गुडघे टेकून बसायचे! रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. समोरची कड गुडघ्यांनी त्या खोलगटात दाबून ठेवली की इकडची कड सैल पडते. मी ते विसरले होते. पुढच्या टायरला नशिबाने चाललं, मागच्याला चाललं नाही.

"अहो, घासकागद द्या!" मी ओरडलेच.

ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, वाळेपर्यंत हे तिला वहीने वारा घालत बसले. दोन ठिगळं लावली, बादलीत बुडवून पाहिली. एक बुडबुडा नाही. ट्यूबमध्ये थोडीशीच हवा भरली, म्हणजे ती दुमडून लिव्हरखाली येणार नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "गुडघे कोणाचे?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच टेकून बसल्या, समोरच्या बाजूला, दोन्ही गुडघे कडेवर. मी इकडून लिव्हर लावला. एक चिमूट कड, पुढे, आणखी एक चिमूट. शेवटची वीत मी अंगठ्यांनीच आत ढकलली. तिथे लिव्हर लागलाच नाही!

हवा भरताना आम्ही तिघंही चाकावर वाकलेले. मग रिमवर कड बसल्याचा आवाज आला, फट्, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने, फट्. हे पंप टाकून उभे राहिले आणि आईसमोर माझा हात धरून नाचायला लागले. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण हसतच.

रविवारी पहाटे हे गाडी घेऊन पुढे गेले, आम्ही दोघी डबा बांधून रेल्वेने. वडील महूच्या स्टेशनवर घ्यायला आले होते, आणि टायर कोणी चढवले ते सासूबाईंनी त्यांना तिथेच सांगून टाकलं. शर्यतीच्या जागी पोचलो तर टेकडीच्या उतारावर ही गर्दी. निशाणं रोवलेली, खाली ओढा, ओढ्यापलीकडे काळ्या मातीचा चढ. फौजी लोक भारी बूट घालून आलेले. आमचे हे शाळेच्या विजारीचे पाय मोज्यांत खोचून उभे.

निशाण पडलं आणि सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. धूर, माती, आवाज! ओढ्यात दोघे आडवे झाले. चढावर गाड्या रुतायला लागल्या, चाकं जागच्या जागी फिरून लोकांच्या अंगावर चिखल उडवायला लागली. हे मागून आले. मला वाटलं, रुतले. मागच्या चाकाने दोनदा माती उकरली, आणि मग त्या गट्ट्यांनी जमीन पकडली. मला ते गर्दीत उभ्याउभ्या जाणवलं, माझ्याच तळव्यांना. गाडी वर चढत निघाली, वाकडीतिकडी, पण थांबली नाही.

"चल! चल! चल!" कोण ओरडतंय म्हणून पाहिलं तर सासूबाई, डबा डोक्यावर धरून.

हे पहिले आले नाहीत, पाचातही आले नाहीत. एकदा पडलेसुद्धा. पण जे शेवटपर्यंत पोचले, त्यांत होते. आले तेव्हा चिखलातून फक्त दात दिसत होते.

वडील आधी जावयाकडे गेले नाहीत, मागच्या चाकाशी बसले. रिमच्या कडेने बोट फिरवत पूर्ण गोल पाहिला. मग माझ्याकडे मान वर केली.

"हा दोनदा चढवलास ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"रिमवर लिव्हरच्या ताज्या खुणा आहेत. आधी दांडगाईच्या, मग हलक्या." ते उठले, हात झटकले. "दुसऱ्यांदा बरोबर चढवलास." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे मेडल. मी काही बोलायच्या आत त्यांनी गाडीचं हँडल माझ्याकडे वळवलं. "आता बस. एक चक्कर मार."

"मी?"

"टायर कसा बसलाय ते चढवणाऱ्याने चालवून बघायचं असतं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी आईकडे. सासूबाई पुढे झाल्या आणि माझा पदर ओढून कमरेशी करकचून खोचला. "चाकात जाऊ देऊ नकोस," एवढंच म्हणाल्या.

उताराखाली मोकळं मैदान होतं. हे बाजूने धावत क्लच, क्लच म्हणून ओरडत होते, आणि मग ते मागे पडले. गाडी थरथरत पुढे निघाली. ओल्या मातीत चाकं जमीन धरतायत हे हँडलमधून हातात येत होतं, अगदी स्पष्ट. मी दुसरी चक्कर मारली, मग तिसरी. थांबले तेव्हा मी हसत होते.

सासूबाई गाडीजवळ आल्या, मागच्या सीटवर हात आपटून माती झटकली आणि ओचा सावरला.

"पुढे सरक," त्या म्हणाल्या.