बारावी सुई

शेडचं अवाढव्य दार हळूहळू वर गेलं आणि फ्लोरिडाचं सकाळचं ऊन आत शिरलं. मधोमध यान उभं होतं. अंतराळात जाऊन येऊन काळवंडलेलं, पण आज घासूनपुसून नटवलेलं. म्हाताऱ्या नटाला शेवटच्या प्रयोगासाठी रंगवून खुर्चीत बसवावं तसं. उद्या त्याची रवानगी संग्रहालयात होती. खरी इंजिनं काढून खोटी बसवली होती. समोर खुर्च्या, व्यासपीठ आणि टेबलावर केक. केकवर पुढच्या यानाचं साखरेचं चित्र होतं. ते यान अजून कुणी बांधलं नव्हतं. केकवाल्याने मात्र आपलं वेळेत पूर्ण केलं होतं.

यानामागच्या मचाणावर गुडघ्याखाली उशी घेऊन अर्डिथ क्विलन शेवटचे टाके घालत होती. वय एकसष्ट. नदीपलीकडे टायटसविलमध्ये तिच्या आईचं पडदे शिवायचं दुकान होतं. तिथून ती सव्वीस वर्षांपूर्वी इथे आली आणि यानाच्या अंगावरच्या, आगीला दाद न देणाऱ्या पांढऱ्या गोधड्या शिवू लागली. यान परत आलं की शेजारीण विचारायची, "आले का गं सगळे सुखरूप?" अर्डिथ म्हणायची, "आले. पण डावीकडचा एक कोपरा उसवलाय."

आज संध्याकाळी दोनशे जणांबरोबर तिचीही नोकरी संपणार होती. मात्र यानं बांधणाऱ्या एका नव्या कंपनीला एक शिवणारी हवी होती. एकच. त्या कंपनीचा टॅनर नावाचा टीशर्टवाला तरुण तिचं काम बघायला आला होता. आणखी एका यानावर आपला टाका असावा, एवढंच अर्डिथला हवं होतं. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण आज पहाटे पाचलाच लिपस्टिक लावली होती.

तेवढ्यात मुकादम हॉलिस धापा टाकत आला.

"मिस अर्डिथ, घात झाला! व्यासपीठाचं कापड फाटलंय. त्यावरच्या 'भविष्य इथून सुरू होतं' मधलं भविष्यच लोंबतंय बघ."

"मग लोंबू दे. इतकी वर्षं लोंबतंयच की."

"दोन टाके घाल गं माझी बाई, साहेब आलेत."

हातात सुई होती तशीच ती उतरली. मचाणाच्या तोंडाशी हत्यारं मोजायचं टेबल होतं. वर जाताना बारा सुया, खाली येताना बारा सुया. त्याशिवाय कुणी हलायचं नाही. एखादी यानात राहून गेली तर उडताना माणसांच्या जिवावर बेतायचं. पण हॉलिसनेच तिला दंडाला धरून टेबलापलीकडे काढलं. तिने टाके घातले, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून घाईने परत आली.

काम संपल्यावर तिने डबा उघडला. अकरा.

पुन्हा मोजल्या. अकराच.

"हॉलिस, एक सुई कमी आहे. दार बंद कर."

"वेडी झालीस का? भाषण सुरू होतंय. बारा लिही आणि सही कर."

"अकरा असताना?"

"अगं, हे यान कुठे उडणार आहे? ट्रकवर बसून चाललंय!"

"मग नियम रद्द झाल्याचा कागद दाखव."

कागद नव्हता. नियम रद्द करणारं कार्यालयच गेल्या महिन्यात बंद झालं होतं.

सगळ्यांदेखत अर्डिथने दाराची लाल दोरी ओढली. दार खाली आलं. पाहुणे आतच अडकले, आणि दोनशे माणसं आपल्या निरोपसमारंभाला विजेऱ्या घेऊन जमिनीवर रांगू लागली. एकानेही कुरकुर केली नाही. इतक्या वर्षांत अंगात मुरलं होतं ते. टॅनर घड्याळ बघत होता. अर्डिथ त्याच्याकडे बघत नव्हती. नवी नोकरी आपणच लाथाडली, हे तिला कळून चुकलं होतं.

पाऊण तास गेला. केकवरचं नवं यान वितळून वाकडं झालं.

"यान उडालं की आपल्याला बीन्स आणि मक्याची भाकरी मिळायची," रांगता रांगता कुणीतरी म्हणालं, "कायमचं खाली बसवल्यावर केक!"

अखेर मोठे साहेब, व्हिटलॉक, कंटाळून व्यासपीठावर चढले. "मित्रांनो, हा शेवट नाही! पाच वर्षांत आपण पुन्हा माणसं पाठवू." हेच पाच त्यांनी चार वर्षांपूर्वीही सांगितले होते. "हे भविष्य," असं म्हणत त्यांनी समोरच्या कापडावरच्या त्याच शब्दावर जोरात थाप मारली, आणि असे किंचाळले की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

तळहातात सुई उभी होती.

अर्डिथ धावली. "हलू नका हं, सर. वाकली तर मोजणीत धरत नाहीत."

सुई निघाली. व्हिटलॉकसाहेबांना पट्टी बांधायला नेलं आणि उरलेलं भविष्य तसंच राहिलं. अर्डिथने सुई पुसली, डब्यात ठेवली आणि टेबलाशी उभी राहून वहीत लिहिलं : सुई माझ्या हातून बाहेर गेली, मोजणी न करता.

टॅनर जवळ आला.

"मिस अर्डिथ, टाके बघितले मी. असं काम कुणाचंच नाही. जागा तुमची." तो जरा घुटमळला. "फक्त एक. आमच्याकडे हे असलं चालणार नाही. आम्ही झपाट्याने काम करतो. एका सुईसाठी सगळं थांबवत नाही आम्ही."

"मोजतच नाही सुया?"

"नाही."

"आणि माणसं बसणार तुमच्या यानात?"

"सात."

अर्डिथने डबा पुन्हा उघडला. बोट ठेवत ठेवत बारापर्यंत मोजलं, सही केली, झाकण लावलं आणि मगच मान वर केली.

"मग दोघी लागतील बघ तुला, बाळा. एक शिवणारी आणि एक मोजणारी. शिवणारी शोध दुसरी कुणीतरी, मी मोजायला येते."