दोघांत एक हत्ती

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची भीड जास्त ठेवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला: माझ्या मावशीचे यजमान, अकोल्याचे मावसाजी. शाळेत चित्रकला शिकवत शिकवत निवृत्त झाले, पण जीव सगळा जुन्या नाण्यांत. नवं नाणं घरी आलं की आधी पाटावर मूठभर ज्वारी पसरायची, तिच्यावर ते ठेवायचं आणि मोठ्यानं सांगायचं, "ज्याचं असन त्यानं घेऊन जा बापा, मंग भांडाले येऊ नका." दिवसभर वाट पाहायची, मगच नाणं डबीत जायचं. मावशी म्हणायची, "जावयाची एवढी सरबराई केली नाही यांनी कधी." आम्ही सगळे हसायचो. पण मे महिन्यात, भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नसताना त्यांच्या बैठकीत एकटं बसायला मला कधीच आवडलं नाही. एकदा मी रिकाम्या वेताच्या खुर्चीत टेकणार, तर म्हणाले, "तिथं नको पोरी. थे आत्ताच आले उन्हातून." कोण आले ते मी विचारलं नाही. खुर्चीच्या हाताला माझा हात लागला होता. वेत गार होता, आणि लाइट गेल्यामुळे कूलर सकाळपासून बंद होता.

त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं सातवाहनांच्या काळचं, बोटाच्या पेराएवढं, हत्तीच्या छापाचं. ते त्यांनी आणि त्यांच्या अमरावतीच्या दोस्तानं तरुणपणी मूर्तिजापूरच्या बाजारात तांब्यापितळेची मोड घेणाऱ्या एका मोडवाल्याकडून निम्मे निम्मे पैसे घालून घेतलं होतं. आता नाणं काही मधोमध तोडता येत नाही. म्हणून या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत अकोल्यात, मग वर्षभर अमरावतीत, अशी बारी ठरली, आणि दोघांचे केस पांढरे झाले तरी ती चुकली नाही. पाडव्याला एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात. एरवी फोनवर तब्येतपाणी विचारणं नाही की पोराबाळांची चौकशी नाही. "हत्ती कसा हाय?" एवढंच.

पुढे दोस्त मुलाकडे अमेरिकेला गेले. हत्ती तेव्हा अकोल्यात होता. दिवाळी आली, दोस्तांची बारी लागली, आणि घोडं अडलं. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर न्यायला आपल्याकडे बंदी. तिकडचं कस्टम तर अलीकडे विचारतं की हे भारतातून कधी निघालं आणि त्याचा कागद कुठाय. मोडवाला कसला कागद देणार? त्यानं नाणं दिलं होतं पुडीच्या कागदात गुंडाळून. मी म्हटलं, "माझी नणंद चालली आहे तिकडे. तिच्या पर्समध्ये सुट्ट्या पैशांत टाकते. कोण पाहतंय?" मावसाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "सरकार नाई पाहत पोरी. पन ज्याचं हाय थो पाहून राहिला."

मग दोस्त आजारी पडले. बरे होणार नव्हते, हे त्यांना आणि आम्हाला दोघांनाही माहीत होतं. फोनवर एकच म्हणायचे, "माह्या बारीचं काय झालं लेका? एकदा हातात दे, मंग जातो मी." मावसाजींचं जेवण सुटलं. दोस्ताचा हक्काचा हत्ती आपल्या कपाटात अडकलाय, हे त्यांना खात होतं. शेवटी त्यांनी लाख तापवली, नाण्याचा दोन्ही बाजूंनी सुबक ठसा घेतला आणि पार्सल केलं. पण हा माणूस म्हणजे खरं बोलायची हौस! पार्सलवर ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, 'प्राचीन नाण्याचा ठसा'. कस्टमवाल्याला त्यातलं 'प्राचीन नाणं' तेवढं दिसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

काही दिवसांनी दुपारी फोन आला. मी तिथंच होते, फोन स्पीकरवर होता.

"आला हत्ती," दोस्त म्हणाले. आवाज अगदी बारीक, पण खुशीत. "पन तू त ठसा पाठोतो म्हनला होता. हे त खरंच हाय. वजन समजते न मले."

"तापात बोलून राहिला," मावसाजी फोन ठेवून हसत म्हणाले. कपाटाकडे मात्र त्यांनी दोनदा पाहिलं.

त्याच आठवड्यात दोस्त गेले. मुलानं कळवलं की बाबांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती, कोणाच्यानं उघडली नाही, शेवटी तशीच अग्नीला दिली. आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी पार्सल परत आलं. सील जसंच्या तसं. वर चिठ्ठी, की वस्तूच्या उगमाचा पुरावा जोडावा. पार्सल तिकडच्या कस्टमच्या बाहेर पडलंच नव्हतं.

मला राहवेना. "मावसाजी, हत्तीची डबी एकदा उघडून बघा ना."

"नाई."

"अहो, पण का?"

"असन, त माहा दोस्त रिकाम्या हातानं गेला पोरी. नसन, त मी कायदा मोडला." कपाटाचं दार लोटून म्हणाले, "मले कायदा मोडलेला चालते." आणि हा माणूस माझ्यासमोर घळाघळा रडला. मलाही रडू आलं, लपवायचं कशाला.

यंदा दिवाळीआधी मावशीच्या मदतीला गेले, तेव्हा कपाट आवरताना ती डबी माझ्या हाताशी आली. नुसती कलती केली असती तरी आतलं कळलं असतं. मावसाजी खुर्चीतून बघत होते. मी डबी दोन्ही हातांनी सरळ उचलली, जराही हलू दिली नाही, खालचा कप्पा पुसला आणि होती तिथं परत ठेवली.