आत्या, तुझी पाटी लाव

दिलीपचा फोन आला तेव्हा कांडप यंत्र चालू होतं. मार्च महिना, पंचवटीतल्या माझ्या गिरणीपुढं बायकांची रांग, सगळ्यांच्या नाकातोंडात मिरची. दिलीप हा माझा धाकटा भाऊ, पिंपळगावला असतो. तो काहीतरी ओरडत होता आणि मला नुसतं "अक्का, अक्का" ऐकू येत होतं. मग जीव एकवटून तो ओरडला, "अक्का, मशीन बंद कर आधी!" मी म्हटलं, थांब रे जरा, एका बाईची मिरची अर्धी झालीय, मध्येच थांबवली तर जाडीभरडी राहील. आणि मी खरंच ती मिरची पुरी होऊ दिली. चार-पाच मिनिटं असतील. फोन शेजारच्या पोत्यावर तसाच, आणि पलीकडं माझा भाऊ वाट बघत... मशीन थांबल्यावर तो म्हणाला, "मंजी गेली अक्का. हापिसातच पडली. लय वाईट झालं." दीड महिना झाला या गोष्टीला. ती चार-पाच मिनिटं काही माझ्या डोक्यातून जात नाहीत. तेवढी मिनिटं माझ्यापुरती ती जिवंत होती.

मंजिरी दिलीपची मुलगी, पण अकरावीपासून वाढली माझ्याकडं. माझे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, गिरणी तेवढी होती. पोरगी धण्याच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची, शिंकत शिंकत. वह्यांना सगळा मसाल्याचा वास. बीकॉम झाली, कसलीशी मोठी परीक्षा दिली आणि लांबच्या एका नावाजलेल्या संस्थेत एमबीएला लागली. रांगेतल्या बायका विचारायच्या, "काय शिकते गं तुझी भाची?" मी सांगायची, "मॅनेजमेंट." "म्हंजी काय?" "ते मलाही ठाऊक नाही बाई, पण हॉस्टेल चांगलंय."

पहिल्या सुट्टीत आली ती एक पाटी घेऊन. पाटी म्हणजे काय, जाड पांढरा कागद मधोमध दुमडलेला, टेबलावर उभा राहणारा, त्यावर मोठ्या अक्षरांत तिचं नाव. त्यांच्या वर्गात म्हणे प्रत्येकापुढं अशी पाटी लावतात, नाव सरांकडं तोंड करून. धंद्यातली एखादी अडचण, तिला ते केस म्हणतात, आदल्या दिवशी वाचायला देतात. वर्गात आलं की सर पाट्यांवरून नजर फिरवतात आणि कुणाचंही नाव घेऊन विचारतात, बोला, तुम्ही त्या माणसाच्या जागी असता तर काय केलं असतं? मी विचारलं, "आणि नाही आलं उत्तर तर?" "नाही आलं असं नसतंच आत्या. माहिती कधीच पुरी नसते. तरी ठरवायचं आणि ठामपणे बोलायचं. 'माहीत नाही' म्हणालीस की संपलीस." माझ्या मनात आलं, एवढ्याशा पोरी, त्यांना माहीत नाही म्हणायचीसुद्धा सोय नाही... पण तिचे डोळे असे चमकत होते की मी म्हटलं, शिक बाई.

त्याच दिवशी तिनं माझीही पाटी केली. 'सुमनआत्या', निळ्या स्केचपेननं. जेवणाच्या टेबलावर ती लावायची, स्वतः समोरच्या खुर्चीत सरांसारखी ताठ बसायची आणि म्हणायची, "हं, सुमनताई, बोला! तुम्ही त्या जागी असता तर?" मी सातवी शिकलेली बाई. पुढचं जे काय आलं ते रद्दीतली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचून. पण त्या टेबलावर मी एमबीए केलं म्हणा ना! एकदा तर तिनं माझी गिरणीच वर्गात नेली. आत्यानं दुसरं यंत्र घ्यावं का नाही, यावर साठ पोरं दीड तास भांडली म्हणे. मी हसून हसून बेजार. "मग काय ठरलं गं?" "अर्धे म्हणाले घ्या, अर्धे म्हणाले नका. सांग, तू काय म्हणतेस?" मी सांगितलं, "अगं, दुसरं यंत्र आलं तर रांगच राहणार नाही. बायका येतात ते रांगेत गप्पा मारायला. रांग गेली की त्या जातील समोरच्या गिरणीत." ती बघतच राहिली. "आत्या, हे साठातल्या एकालाही सुचलं नाही!" आजतागायत माझं यंत्र एकच आहे.

पुढं ती मुंबईला मोठ्या कंपनीत लागली आणि चाळिशीच्या आत तिथल्या सगळ्या फायनान्सची मुख्य झाली. चालणं बदललं, बोलणं बदललं. कशालाही तीन मुद्दे. लग्न का करत नाहीस म्हटलं तर त्यालाही तीन मुद्दे, आणि तिसरा असा की दिलीप उठून बाहेरच गेला. पण आम्ही काय कमी होतो? कुणाला घर घ्यायचंय, कुणाला द्राक्षांचं पॅकहाऊस काढायचंय, कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, विचारा मंजीला. ती मीटिंगमधून बाहेर येऊन सांगायची, कधी माहीत नाही म्हणाली नाही. आणि आम्हाला एवढं बरं वाटायचं ना, की आपल्या घरात एक ठरवणारं माणूस आहे. तिचं कोण ठरवतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

फेब्रुवारीत ती न सांगता आली. एकटीच गाडी चालवत. सकाळची वेळ, मी थालीपीठं लावत होते. ती फळीवरून माझी पाटी काढून टेबलावर लावत म्हणाली, "आत्या, तुझी पाटी लावली बघ. एक केस आहे." मग तिनं सांगितलं, अगदी तिच्या त्या आवाजात, मुद्दे पाडून. डोकं दुखतं म्हणून तपासण्या केल्या, तर मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगलेली निघाली. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, पण त्यातही धोका आहे. दुसरे म्हणतात थांबा, नजर ठेवू. दोघंही मोठे, दोघांचंही म्हणणं पटतं. मी तव्याखालचा गॅस बारीक केला. "मग गं?" ती म्हणाली, "माहीत नाही." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि नंतर, हळू आवाजात, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी काय केलं, सांगू? मी म्हटलं, "अगं बाई, मी सातवी पास. मला काय कळतं त्यातलं? तू एवढी शिकलीस, एवढ्या मोठ्या कंपनीचं ठरवतेस, तूच ठरव." टेबलावर जागा नव्हती, म्हणून ती पाटी बाजूला सरकवली आणि तिच्यापुढं ताट ठेवलं. वर म्हटलं, "गरम आहे तोवर खा." ती हसली. म्हणाली, "बरं. मार्च एन्ड होऊन जाऊ दे, मग बघते." मला ते लगेच पटलं हो! मार्चमध्ये त्यांचे हिशेब मिटवायचे असतात, माझाही सीझन असतो. कामाच्या दिवसांत माणूस कसं हलणार? मीच म्हटलं, हो, मार्च होऊ दे. तिनं दोन थालीपीठं खाल्ली, एक डब्यात नेलं. गाडीपर्यंत सोडायला गेले तर काच खाली करून म्हणाली, "लोणी कमी घालत जा." तेवढंच.

दहाव्याला तिच्या वर्गातल्या दोघी आल्या होत्या, एक तर थेट विमानानं. मला बघताच एकीनं हात धरला, "तुम्हीच ना गिरणीच्या आत्या? आमच्या वर्गातले सगळे तुमचं उत्तर अजून सांगतात." मला वर मान करवेना. दुसरी म्हणाली, "मंजिरी आमच्यात सगळ्यांत ठाम. तिच्या तोंडून 'माहीत नाही' आम्ही कधी ऐकलं नाही." मी ऐकलं होतं. मी एकटीनं... पण हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

लोक समजावतात. म्हणतात, डॉक्टरांना उमगलं नाही ते तुम्ही काय सांगणार होता? दिलीप म्हणतो, "अक्का, तुझ्या हातात काय होतं?" खरंय, काहीच नव्हतं. मी लगेच कर म्हटलं असतं आणि ती ऑपरेशनच्या टेबलावरच गेली असती, तर? रोज ती केस मी मांडते, रोज अर्धी मी करा म्हणते, अर्धी नका. उत्तर अजूनही येत नाही. पण पाटी सरकवायला नको होती. "मलाही माहीत नाही गं, पण मी येते, गिरणी बंद ठेवते," एवढं तर सातवीवालीला म्हणता आलं असतं.

आता सकाळी चहा झाला की मी पाटी लावते. वर्गातल्यासारखीच, नाव समोरच्याकडं तोंड करून. मी बसते तिथून मला कोरा कागद दिसतो. निळी अक्षरं समोरच्या खुर्चीकडं. गिरणी उघडायची वेळ होते, बाहेर बायका डबे वाजवायला लागतात, "अक्का, येताय ना?" मी म्हणते, "थांबा गं जरा." समोरच्या खुर्चीतून कुणी माझं नाव घेत नाही. मग पाटी दुमडून फळीवर ठेवते आणि यंत्र चालू करायला जाते.