दादूसची उतरलेली माळ

आमच्या दादूसने नुसतं "ह्यॅ" म्हटलं तरी अख्खं वटार गाव हसायचं. मी तोच विनोद नीट रंगवून सांगितला, की आई विचारायची, "मग, पुढे काय झालं?" थोरला भाऊ गोरा, दणकट, केळीचा घड सहज खांद्यावर टाकणारा. मी धाकटी, किडकिडीत. आम्ही एका आईची लेकरं, हे लोकांना सांगावं लागायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कॉलेजात असताना त्याला कावीळ झाली. गावातल्या एका काकींनी त्याच्या डोक्यावर काड्यांची माळ ठेवली. ती दिवसेंदिवस लांबत गळ्यात आली, मग पायांशी. कावीळ उतरली म्हणून घरात शिरा झाला. मला ताप आला तर काढा मिळायचा.

पुढे मी गरोदर असताना रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. विरारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईकडून जन्मताच आला असेल. भावालाही तपासा. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि एक दिवस यकृताचा कॅन्सरही करू शकतो." मी तशीच वाडीत गेले. दादूस केळींना पाणी सोडत होता.

"माझे डोळे बघ, पिवळे हायत का? माळ उतरली ना, मंग संपलं! उगा कोनाला घाबरवतेस?"

वाडीतले सगळे हसले. मी रोजची गोळी घ्यायचे, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचे, म्हणून माझं नाव 'गोळीबाई' पडलं. दर दिवाळीला मी 'रक्त तपास' हेच टुमणं लावायचे आणि तो माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवायचा.

गेल्या वर्षी दादूस वाळला, पोट तेवढं फुगलं. यकृतात गाठ निघाली, हाताबाहेर गेलेली. डोळे मात्र तेव्हाही पांढरेच होते.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पलंगावरून सांगायचा, "माळेवर जाऊ नका, रक्त तपासा. आमची गोळीबाई खरं बोलत व्हती." आणि इतकी वर्षं माझी टर उडवणारी भावकी दुसऱ्याच सकाळी लॅबसमोर उभी! आई सगळ्यांच्या पुढे. माझंच बोलणं, पण ते त्याच्या तोंडून यावं लागलं.

भातलावणीच्या आधी तो गेला. दोघा चुलतभावांचं वेळेवर कळलं. ते आता माझ्यासारखीच गोळी घेतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "दादूसने वाचवलं आम्हाला."

ऐकलं की अजून जळते मी. पण त्याने एकदा, एकदाच माझं ऐकलं असतं, तर जन्मभर त्याच्यावर जळत बसायला माझी काही हरकत नव्हती.